मूळ प्रॉप की नक्कल? सर्टिफिकेट बाजूला ठेवून वस्तू तपासण्याचा धागा

भिंगवाला

"सोबत सर्टिफिकेट आहे, मग घ्यायला हरकत नाही ना?" हा प्रश्न चित्रपट-मालिकांत वापरलेल्या वस्तू, म्हणजे प्रॉप, विकत घेण्याबद्दल निरनिराळ्या धाग्यांवर इतक्यांदा येतो, की काय ते एकदा एका जागी लिहून ठेवू. कपडे, कागद, ओतकाम यांत ज्यांचा हात आहे त्यांनी भर घालावी.

आधी विक्रेत्याची भाषा. 'स्क्रीन-मॅच्ड' म्हणजे अमुक फ्रेममध्ये दिसतो तो हाच नग, हे खुणांवरून दाखवलेलं. 'स्क्रीन-युज्ड' म्हणजे चित्रीकरणात वापरला असा दावा. मागे पुरावा असेल किंवा नसेल. 'प्रॉडक्शन-मेड' म्हणजे त्या चित्रपटासाठी बनवला, पण कॅमेऱ्यासमोर गेला की पेटीतच राहिला ते ठाऊक नाही. आणि 'मूळ साच्यातून काढलेला' एवढंच लिहिलं असेल तर ते न लिहिल्यासारखंच. साचे वर्षानुवर्षं हातोहात फिरतात. त्यातून काल संध्याकाळी काढलेला तुकडाही 'मूळ साच्यातला'च असतो.

दुसरं, एकाच प्रॉपचे बरेच नग बनतात. कॅमेरा जवळ येतो तेव्हाचा 'हिरो', पडण्या-आपटण्याचा रबरी किंवा फोमचा 'स्टंट', मागच्या गर्दीच्या हातात द्यायचा साधा. त्यामुळे "फारच हलका आहे, म्हणजे खोटा" हा तर्क चालत नाही. 'सिटिझन केन' (१९४१) मधली रोझबड ही घसरगाडी घ्या. जाळायच्या दृश्यासाठी बाल्साच्या हलक्या लाकडाच्या गाड्या केल्या होत्या. त्यातली एक स्पीलबर्गने १९८२ साली ६०,५०० डॉलरला घेतली. पाइनची एक जुलै २०२५ मध्ये १ कोटी ४७.५ लाख डॉलरला गेली. लाकूड वेगळं, वजन वेगळं, दोन्ही अस्सल. प्रश्न असा विचारायचा: हा नग ज्या कामाचा म्हणून विकताय, त्या कामाला हे साहित्य शोभतं का?

आता स्क्रीन-मॅचची रीत. क्रम महत्त्वाचा आहे. फ्रेम उघडण्याआधी वस्तू हातात घ्या आणि तिच्यावरच्या खुणांची यादी करा: टवके, पोचे, लाकडाच्या रेषा, रंगाचा ओघळ, वाकडा बसलेला स्क्रू. फ्रेम आधी पाहिली की वस्तूवर तेच दिसायला लागतं. मग मिळेल त्या सर्वांत चांगल्या डिस्कवरून, शक्यतो ३८४० बाय २१६० च्या, स्क्रीनशॉट पीएनजीमध्ये घ्या. मोठे करा, पण सॉफ्टवेअरला 'सुधारू' देऊ नका. हल्लीची एआय अपस्केलिंगची साधनं नसलेला तपशील भरून देतात. लिलावाच्या पानावरचं चित्र गुळगुळीत आणि संशयास्पद धारदार दिसलं तर मूळ फ्रेम स्वतः काढा.

एका फ्रेमवर कधीच थांबू नका. सेकंदाला २४ फ्रेम असतात आणि फिल्मचा दाणा प्रत्येकीत बदलतो. लागोपाठच्या पाच-सहा फ्रेममध्ये ठिपका वस्तूवरच्या त्याच जागी राहिला तर तो वस्तूवरचा. एकीत दिसून पुढचीत गायब झाला तर दाणा किंवा फिल्मवरची धूळ. मग तीन खुणा निवडून त्यांचा त्रिकोण मांडा आणि बाजूंचं गुणोत्तर वस्तूवरच्या त्रिकोणाशी ताडून पाहा. वस्तू तिरकी असेल तर तिचा फोटो शक्य तितका त्याच कोनातून काढून मगच ताडा.

आणि सर्वांत जास्त वेळ यावर घालवा: फ्रेममध्ये आहे पण वस्तूवर नाही, अशी खूण शोधा. वस्तूवर जास्तीचे चरे असणं समजू शकतं, ते नंतर पडले असतील. पण पडद्यावर दिसणारा टवका वस्तूवरून नाहीसा व्हायचा तर ती पुन्हा रंगवलेली हवी, आणि तो वरचा रंग दिसायला हवा. न सुटणारी अशी एक विसंगती दहा जुळणाऱ्या खुणांना भारी पडते.

काही शॉट आरशासारखे उलटवलेले असतात, तेही ध्यानात ठेवा. शर्टाची बटणपट्टी किंवा पाटीवरची अक्षरं बघितली की कळतं.

ओतारी

यात एक खोच आहे. खूण *कुठल्या थरातली* ते ठरवल्याशिवाय जुळणीला किंमत नाही.

साच्यातच असलेला दोष प्रत्येक ओतीत उतरतो. तो जुळला म्हणजे वस्तू त्या वंशातली, एवढंच. ओतताना अडकलेला हवेचा बुडबुडा त्या एका नगाचा. रंगाचा ओघळ त्या नगाचा. वापराचे चरे त्या नगाचे. पण मूळ वस्तूवरूनच कुणी नवा साचा घेतला तर हे तीनही नव्या साच्यात जातात, आणि पुढची प्रत्येक नक्कल 'स्क्रीन-मॅच' होते! रिकास्टवाल्यांचं, म्हणजे वस्तूवरून साचा घेऊन नकला ओतणाऱ्यांचं, सगळं भांडवल इथे आहे.

हे पकडायचं चऱ्यावर. दिवा अगदी आडवा धरा आणि २० पट भिंगाखाली चरा पाहा. खऱ्या चऱ्यात रंग तुटलेला असतो: काठावर बारीक कपऱ्या, आत प्रायमरची पातळ रेघ, त्याखाली उघडं रेझिन किंवा धातू. नकलेतला चरा साच्यातून आलेला. त्याचे काठ गोलसर असतात आणि रंग चऱ्यात उतरून, तळ झाकून, सलग पलीकडे चढलेला असतो. चरा पडला आणि मग वस्तू रंगवली, असा उलटा क्रम तिथे दिसतो. हे लपवायला वरून काळपट वॉश, म्हणजे पातळ रंग, भरतात. स्पिरिट लावलेला कापसाचा बोळा फिरवला तर वॉश निघेल, पण हा उद्योग दुसऱ्याच्या वस्तूवर करू नका. भिंग पुरेसं आहे.

बुडबुड्याचंही तसंच. खरा बुडबुडा म्हणजे पृष्ठभागाखालची पोकळी. तोंड लहान, पोट मोठं. नकलेत तो साच्यातून उतरलेला उथळ खळगा होतो, कारण सिलिकॉन त्या पोटात पूर्ण शिरत नाही, शिरलं तरी काढताना फाटतं.

आकसणं हा दुसरा साक्षीदार. टिन-क्युअर (कथिलाच्या संयुगाने घट्ट होणाऱ्या) सिलिकॉनचा साचा काळानुसार आकसतो, वर रेझिन आपलं थोडं आकसतं. पिढीला अर्धा टक्का धरला तर ३०० मिलीमीटरच्या तुकड्यात दीड मिलीमीटर. व्हर्नियरने सहज कळतं. माप कठीण कडांवर घ्या, रंगाच्या जाड थरावर नको. अडचण एकच: तुलनेला निःसंशय मूळ नगाचं माप हवं. पडद्यावरून अर्धा टक्का काढू म्हणणाऱ्यांना लांबून नमस्कार. प्लॅटिनमच्या संयुगाने घट्ट होणारं प्लॅटिनम-क्युअर सिलिकॉन तर जवळजवळ आकसतच नाही, म्हणून माप बरोबर आलं तरी वस्तू सुटली असं नाही.

साहित्याचा स्वभाव ठाऊक असला की बरंच काम होतं. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधली स्टॉर्मट्रूपरची स्टंट हेल्मेट एचडीपीई या पॉलिथिनच्या पत्र्यातून व्हॅक्यूमने ओढून वरून पांढरी रंगवलेली होती. एचडीपीईला रंग धरत नाही, त्यामुळे पापुद्रे सुटणं तिथे अपेक्षित आहे. 'स्टंट हेल्मेट' म्हणून आलेला नग अंगचाच पांढरा, एबीएस या कडक प्लास्टिकचा आणि चकचकीत असेल तर प्रश्न विचारा. फोम लेटेक्स आणि पॉलियुरेथेन फोमचंही तेच: काही दशकांनी ते कडक होतात, भुगा पडतो. चाळीस वर्षांचा मऊ, लवचीक फोम हे कौतुकाचं कारण नाही.

थ्रीडी प्रिंटच्या थरांच्या रेषा, साधारण ०.१ ते ०.२ मिलीमीटर अंतराच्या, १९८० सालच्या म्हणवणाऱ्या तुकड्यावर दिसल्या तर विषय संपला. अलीकडच्या चित्रपटांत मात्र कार्यशाळाच थ्रीडी प्रिंट वापरतात, तिथे त्या रेषांवरून काहीच ठरत नाही.

रिमोट

उत्तम धागा. पण मालिकांच्या प्रॉपचं काय? जुन्या मालिकेची फ्रेम मोठी केली की नुसता चिखल.

भिंगवाला

मालिका कशावर *चित्रित* झाली आणि कशावर *संपादित* झाली, हे दोन प्रश्न वेगळे विचारा. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' ३५ मिमी फिल्मवर चित्रित झाली, पण संपादन व्हिडिओटेपवर. त्यामुळे जुन्या प्रतींत तपशील नाही. २०१२ पासून मूळ फिल्मकडे परत जाऊन तिचा ब्लू-रे काढला, आणि तेव्हा त्या प्रॉपवरच्या खुणा दिसायला लागल्या. 'डीप स्पेस नाइन' आणि 'व्हॉयेजर' यांचं तसं झालेलं नाही. या दोन मालिकांच्या तळहाताएवढ्या प्रॉपला कुणी बारीक चऱ्यावरून स्क्रीन-मॅच केल्याचं सांगितलं तर फ्रेम मागा. तिथे स्थिरचित्रं, कागदपत्रं आणि बांधणी यांवरच भिस्त ठेवावी लागते.

सुईदोरा

कपड्यांत लेबल सगळ्यात शेवटी बघा. लोक सगळ्यात आधी तेच बघतात, म्हणून बनावटही तेच होतं.

आधी कापड. चौकडा, पट्टे, छापील फुलं, ट्विड यांत नशीब चांगलं: खिसा, कॉलर, बटणपट्टी जिथे मुख्य कापडाला भेटते तिथे नक्षी कशी तुटते ते प्रत्येक कपड्यात वेगळं येतं. एकाच ताग्यातले, एकाच शिंप्याने शिवलेले दोन शर्टसुद्धा तिथे फरक दाखवतात. डाव्या खिशाच्या वरच्या कोपऱ्याशी कुठला पट्टा येतो, तिथून मोजायला सुरुवात करा. एकरंगी कापडाला हा उपाय नाही. तिथे काजांची जागा, टाक्यांचा वाकडेपणा, चामडं असेल तर त्याचा दाणा.

मग कपडा उलटा करा. चित्रीकरणाच्या कपड्यात शिवणीला दाब भरपूर सोडतात, कारण तो पुढे दुसऱ्याच्या मापाचा करायचा असतो. उसवलेल्या जुन्या शिवणीची भोकं दिसतात, तीही चांगली खूण. स्टंटचा जोड आतल्या पॅडसाठी सैल असतो आणि पाठीला किंवा कमरेला तारेसाठी चिरा असतात. नक्कल करणारा बाहेरून हुबेहूब करतो; आतून मात्र तयार कपड्यासारखी ओव्हरलॉकची नेटकी शिलाई.

मळवणं हाही एक विभागच असतो. सँडपेपर, किसणी, फुलर्स अर्थ वापरून कपडा जुना करतात. तो पडद्यावर दिसेल तिथे झिजवतात. खरी झीज कॉलरच्या आतल्या घडीला, काखेत, बाहीच्या कडेला असते. कॉलरला मेकअपचा तेलकट पट्टा असतो. नुसती पहिली झीज असेल तर कपडा बनवला पण घातला नाही, असंही असू शकतं.

आता लेबल. वेस्टर्न कॉस्च्यूम, बर्मन्स अशा भाडेगृहांच्या लेबलांवर कलाकाराचं नाव आणि मापं असत. कपडा भाड्याने फिरत राहतो, म्हणून एका लेबलवर दुसरं लेबल सापडणं स्वाभाविक आहे. लेबल खरं आणि कपडा दुसराच, हा नेहमीचा डाव: स्वस्त कपड्यातलं जुनं लेबल सोडवून महागड्या नावाच्या कपड्याला टाचतात. म्हणून लेबलची भोकं मोजा. सध्याचा दोरा जितक्या भोकांतून गेलाय त्यापेक्षा जास्त भोकं असतील तर ते कधीतरी सुटून परत बसलंय. लेबलाखालचं कापड भोवतीच्या कापडापेक्षा ताजं दिसायला हवं. सगळीकडे सारखंच विटलेलं असेल तर लेबल उशिरा आलं.

हॅटच्या आतल्या सोनेरी आद्याक्षरांचंही असंच. 'टेम्पल ऑफ डूम'ची इंडियाना जोन्सची हॅट ऑगस्ट २०२४ मध्ये ६ लाख ३० हजार डॉलरला गेली. तिच्या घामपट्टीवर 'आयजे' ही अक्षरं आहेत. आता ही अक्षरं प्रत्येक नकलेत असणारच. तिथे फेल्ट, घामपट्टीची शिलाई आणि रिबीन कुठे मुडपली आहे, ते पाहायचं.

अल्ट्रा

+१. अतिनील टॉर्चचं कुणीच लिहिलं नाही. जुन्या कापडावर, कागदावर ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च मारायचा. निळंशार चमकलं की १९५० नंतरचं, म्हणजे जुना प्रॉप असेल तर खोटा. दोन मिनिटांचं काम.

सुईदोरा

कागदापुरतं बऱ्याच अंशी ठीक. कापडाला नाही. चमक देणारे ऑप्टिकल ब्राइटनर धुण्याच्या पावडरीतही असतात. १९३९ चा अस्सल सुती सदरा नंतर एकदा आधुनिक पावडरीत धुतला की तो निळाच चमकणार. पाहायचा तो *फरक*: सगळं कापड मंद आणि एकच शिवण लखलखते, तर तो दोरा नवा. दुरुस्ती असेल, नाहीतर लेबल टाचायचा दोरा असेल. शंका राहिली तर आतल्या दाबातून दोन-तीन मिलीमीटर दोरा काढून जाळून बघा, अर्थात मालकाला विचारून. सुती दोरा जळून राख होते, कागद जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. पॉलिएस्टर बाजारात १९५० च्या दशकात आलं, त्याआधीच्या मूळ शिवणीत ते बसत नाही. वेल्क्रोलाही तोच न्याय.

अवांतर: टॉर्चला गाळणी लावलेली असावी. स्वस्तातल्या ३९५ नॅनोमीटरच्या टॉर्चचा जांभळा उजेडच इतका, की सगळंच चमकल्यासारखं वाटतं.

अल्ट्रा

मान्य. 'दोन मिनिटांचं काम' मागे घेतो.

कागदकिडा

कागदी प्रॉप: ओळखपत्रं, वर्तमानपत्रं, पत्रं, नकाशे. आणि सर्टिफिकेटही कागदच, त्यालाही हेच लावा.

३० पट भिंग घ्या. ऑफसेट छपाईत ठिपके ठरावीक कोनात, फुलासारख्या नक्षीत बसतात. इंकजेटचे ठिपके विखुरलेले, काठ कागदाच्या तंतूंत पसरलेले. लेसर प्रिंटचा टोनर कागदावर बसून राहतो, अक्षराच्या कडेला तुरळक काळी धूळ दिसते. खिळ्यांच्या छपाईत कागद दबतो, पाठीमागून बोट फिरवून कळतं. १९६० च्या दशकातल्या चित्रपटाचं वर्तमानपत्र इंकजेटवर निघणार नाही.

रंगीत लेसर प्रिंटरपैकी बरेच पानभर फिके पिवळे ठिपके सोडतात, त्यांत यंत्राचा क्रमांक आणि काही यंत्रांत छापल्याची तारीख-वेळही असते. निळ्या उजेडात, भिंगाखाली ते काळपट दिसतात. २००५ मध्ये झेरॉक्सच्या डॉक्युकलर प्रिंटरची ही सांकेतिक खूण उलगडली गेली. 'निर्मितीच्या वेळचं' म्हणून दाखवलेल्या पत्रावर हे ठिपके भेटले तर मजा येते. तशीच कॅलिब्री. हा टंक लोकांच्या हाती ऑफिस २००७ बरोबर आला. १९९४ ची तारीख घातलेलं कॅलिब्रीतलं पत्र वाचायचीसुद्धा गरज नाही.

सर्टिफिकेटमध्ये तीन गोष्टी शोधा: कोणी दिलं, त्याला हे कसं माहीत, आणि ते *याच* नगाचं आहे हे कशावरून. 'ही वस्तू अस्सल असल्याची हमी देतो' एवढाच मजकूर, खाली होलोग्राम, आणि वस्तूचा फोटो नाही, माप नाही, क्रमांक नाही: असा कागद कुठल्याही वस्तूसोबत ठेवता येतो. कारागिराचं पत्र असेल तर त्याचं नाव श्रेयनामावलीत *त्या विभागात* आहे का ते बघा. प्रकाशयोजनेतला माणूस तलवारीच्या मुठीबद्दल शपथ घेत असेल तर ऐकून सोडून द्या.

जोडभाग

बाजारात मिळणाऱ्या वस्तूंपासून जोडलेल्या प्रॉपबद्दल. 'स्टार वॉर्स'मधल्या ल्यूकच्या लाइटसेबरची (प्रकाशाच्या तलवारीची) मूठ म्हणजे ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या तीन सेलच्या फ्लॅशचा दांडा, त्याच्या क्लॅम्पमध्ये कॅल्क्युलेटरच्या भिंगाची पट्टी. ओबी-वानच्या मुठीत रायफल ग्रेनेडचा भाग आणि आर्मिटेज शँक्सच्या नळाची चावी. हान सोलोचं ब्लास्टर माउझर सी९६ पिस्तुलावर उभं आहे. पहिल्या चित्रपटातलं एक ऑगस्ट २०२२ मध्ये १०,५७,५०० डॉलरला विकलं गेलं.

तळाचा कंपनीचा ठसा खरा निघाला की लोक हुरळतात. पण जुना अस्सल ग्राफ्लेक्स घेऊन त्यावर पट्ट्या चिकटवणारे हौशी शेकड्याने आहेत. भाग खोटा निघाला तर प्रॉप खोटा. भाग खरा निघाला तर तपासाला आता सुरुवात. जोडणी बघा: भोकं हाताने पाडलेली की यंत्राने, गोंद कुठला आणि किती पिवळा पडलाय, चिकटवलेल्या भागाखालचा धातू बाहेरच्यापेक्षा कमी काळवंडलाय का. स्क्रूसुद्धा बोलतो. टॉर्क्स डोक्याचा स्क्रू १९६७ च्या आधीच्या प्रॉपमध्ये मूळचा असू शकत नाही. भाड्याच्या शस्त्रांचे जोडभाग चित्रीकरणानंतर काढून शस्त्र परत मांडणीवर जातं, त्यामुळे खऱ्या नगावर रिकामी भोकं, बुजवलेली भोकं असणं उलट चांगलं.

अल्ट्रा

आणि हातात धरायचं एक्सआरएफ (क्ष-किरणांचं) यंत्र?

ओतारी

ते मूलद्रव्यं सांगतं. रंगात शिसं आहे, टायटॅनियम आहे, एवढं. टायटॅनियम पांढरा १९२० च्या दशकापासून आहे, म्हणून नुसतं 'टायटॅनियम सापडलं' याने १९४१ चा प्रॉप बाद होत नाही. त्याचा रुटाइल प्रकार १९४० च्या दशकातला, तो ओळखायला रामन किंवा एक्स-रे डिफ्रॅक्शन या प्रयोगशाळेतल्या चाचण्या लागतात. रंगाचं माध्यम अॅक्रिलिक आहे का, ते एफटीआयआर ही अवरक्त प्रकाशाची चाचणी सांगते. प्रयोगशाळा काळ *नाकारू* शकते. हाच तो नग, हे ती कधीच सांगत नाही.

भिंगवाला

त्याला एक सुंदर अपवाद आहे. 'विझर्ड ऑफ ऑझ' (१९३९) मधल्या माणकासारख्या लाल बुटांचा एक जोड २००५ मध्ये मिनेसोटातल्या संग्रहालयातून चोरीला गेला आणि २०१८ मध्ये एफबीआयला सापडला. तो स्मिथसोनियन या अमेरिकी संग्रहालयाच्या जोडाशी ताडला गेला. बुटाच्या पुढच्या 'बो'वरच्या (फितीच्या गाठीवरच्या) मण्यांमध्ये पारदर्शक काचेचे, वरून लाल रंगवलेले मणी निघाले. स्मिथसोनियनच्या जोडावरही तशीच, चित्रीकरणाच्या वेळची दुरुस्ती होती. नक्कल करणारा लाल मणीच आणेल. शिवाय दोन्ही जोडांतले बूट आपसांत बदललेले निघाले: याचा डावा त्याच्या उजव्याशी जुळणारा. डिसेंबर २०२४ मध्ये त्या जोडावर हातोडा २ कोटी ८० लाख डॉलरवर पडला, शुल्कासह ३ कोटी २५ लाख.

चोरीवरून मालकीचं. वस्तू अस्सल असूनही तुमची न होण्याची शक्यता असते. 'स्टार ट्रेक'च्या एंटरप्राइझचं मूळ छोटं मॉडेल १९७० च्या दशकात हरवलं, २०२३ मध्ये ईबेवर उगवलं, आणि २०२४ मध्ये मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांच्या मुलाकडे परत गेलं. म्हणून साखळी मागा: स्टुडिओतून कशी बाहेर पडली, विकली की भेट दिली, की नुसती 'घरी नेली', आणि तिथून प्रत्येक हात. जुन्या लिलावांचे कॅटलॉग चाळा. तोच नग आधी 'नक्कल' म्हणून विकला गेलेला सापडतो.

रिमोट

लांबून, फोटोवरून घ्यायचं असेल तर विक्रेत्याकडे नेमकं काय मागावं?

भिंगवाला

सहा बाजूंचे फोटो, शेजारी पट्टी ठेवून. आडव्या उजेडातला प्रत्येक मोठ्या चऱ्याचा एकेक. आतली बाजू: अस्तर, पोकळी, बॅटरीचा खण, तळ. वजन ग्रॅममध्ये. विक्रेत्याने जुळवलेली फ्रेम कुठल्या डिस्कवरची, किती मिनिटं किती सेकंदांवरची. पावतीवर 'स्क्रीन-मॅच्ड' हा शब्द आणि त्या फ्रेमची वेळ लिहून घ्या, जाहिरातीत असून उपयोग नाही. लिलावघर असेल तर अटी वाचा: बऱ्याच ठिकाणी हमी ठळक अक्षरांतल्या शीर्षकापुरती असते, खालच्या वर्णनाला नसते, आणि पैसे परत मागायला मुदत असते. वस्तू आली की मुदत संपायच्या आत भिंग घेऊन बसा.

ओतारी

आणि पेटी उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा. वाटेत पडलेला टवका आणि आधीचा टवका यांवरून पुढे वाद होतो, आणि नवा टवका त्या नगाच्या स्क्रीन-मॅचमध्ये कायमचा मिसळून जातो.